शेजारच्या रांजणाचं पाणी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर नुकते कुठे एका जागी बसायला शिकले होते आणि आज कुणीकडे वाहायचं हे नद्यांना रोज सकाळी ठरवावं लागे. अशाच एका नदीच्या काठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. गावात सतरा घरं आणि प्रत्येक घरात जमिनीत पुरलेला एकेक रांजण.

रांजणात नीळ असायची. तुम्ही म्हणाल, नीळ म्हणजे काय मोठं, पाण्यात वडी कालवली की झालं. तसं नाही. कापडावर कायमची बसणारी नीळ जिवंत असते. तिला विरजणासारखं जपावं लागतं, गूळ आणि कोंडा भरवावा लागतो, थंडीत पांघरूण घालावं लागतं. जिवंत रांजणावर तांबूस-निळा फेस धरतो. त्याला रंगारी फूल म्हणत. आणि जिवंत रांजणाला वास येतो. कसला, ते विचारू नका. त्या गावात कधी चोर आला नाही, एवढंच सांगतो.

गावाची एक रीत होती. लग्नाचं लुगडं असो, बाळाचं दुपटं असो, की मेलेल्या माणसावर घालायचं वस्त्र असो, ते एका रांजणात रंगवायचं नाही. ज्याच्या घरचं कार्य, त्यानं पांढरं कापड घेऊन दारोदार जायचं. प्रत्येक शेजाऱ्याच्या रांजणात एक बुडी आणि आपल्या रांजणात सगळ्यात शेवटी. एका घरचं ओलं कापड तसंच ठिबकत पुढच्या घरी न्यायचं, आधी त्याचं पाणी तिथल्या रांजणात पिळायचं आणि मग बुडवायचं.

का पिळायचं? ते कुणी विचारलं नाही. आयाबाया सांगत, ‘शेजाऱ्याचं सुखदुःख आपल्या घरात घ्यावं, बाळा.’ ऐकायला गोड वाटे. सगळे ऐकत आणि पिळत.

मग एका सकाळी नदी उठली आणि तिनं भलतीच दिशा धरली. ती परत आली नाही. पाण्याशिवाय रंगारी काय करणार? गाव फुटलं. कुणी नांगर धरला, कुणी गुरं राखली. तिघांनी मात्र आपापल्या रांजणातली मडकंभर नीळ मांडीवर घेतली आणि समुद्र ओलांडून ते परमुलखात गेले. एकदम नाही, एकामागून एक, दोन-दोन वर्षांच्या अंतरानं. आधी गेला त्याला आपण थोरला म्हणू. त्याच्यामागून गेला तो मधला. शेवटी गेली ती रंगारीण. खरी नावं मला ठाऊक आहेत, पण सांगणार नाही. त्यांची पतवंडं अजून आहेत आणि त्यांच्याकडे रांजणही आहेत. उगीच मलाच बुडवायचे.

तो मुलूख राखाडी होता. घरं राखाडी, रस्ते राखाडी, माणसांचे डगले राखाडी. ढग इतके खाली असत, की उंच माणसं संध्याकाळी घरी आली की बायका त्यांच्या केसांतून ढग विंचरून काढत. अशा गावात थोरल्यानं पहिलं निळं कापड दोरीवर वाळत घातलं, तेव्हा लोक कामं टाकून त्याच्याकडे बघत उभे राहिले. एक म्हातारी रडायलाच लागली. आपण का रडतोय, ते तिला सांगता येईना.

थोरल्याचं नाव झालं. दोन वर्षांनी मधला आला, त्याच रस्त्यावर समोर घर घेतलं, रांजण पुरला. त्याचंही नाव झालं. तेव्हा राजाचा कारभारी दोघांकडे आला आणि म्हणाला, “आमच्याकडे राजा एक, राणी एक, वेशीवरची घंटा एक. राजरंगारीही एकच असेल. वसंताच्या जत्रेत ज्याचं निळं उत्तम ठरेल, त्याचं कापड वर्षभर वेशीवर फडकेल.”

एवढं बोलून तो गेला. पण त्या रस्त्याला मधोमध जणू कुणी चिरलं.

त्याच साली मधल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मधला पांढरं लुगडं घेऊन रीतीप्रमाणे समोरच्या दारी गेला. थोरल्यानं दार अर्धंच उघडलं.

“काका, लेकीचं लुगडं आहे. एक बुडी द्या.”

“आणि बुडी देताना माझ्या रांजणात किती चुना आहे, किती गूळ आहे, ते डोळ्यांनी मोजून घे. असंच ना?”

“अहो काका, गावची रीत आहे ही!”

“गाव तिकडे राहिलं,” थोरला म्हणाला. “हा बाजार आहे.” आणि दार लागलं.

मधल्याच्या मुलीनं एकाच रांजणाचं लुगडं नेसून सासरची वाट धरली. निरोप देताना तिच्या आईनं पदर चाचपला आणि ती एवढंच म्हणाली, “शेजार नव्हता गं आपल्याला.” मधल्यानं ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यानं रांजणावर झाकण ठेवलं आणि झाकणाला कुलूप घातलं.

पुढे रंगारीण आली. तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंद दारं पाहिली आणि आपलंही लावून घेतलं.

अशी बारा वर्षं गेली. तिघं एकाच रस्त्यावर राहत आणि समोरासमोर आले की आभाळाकडे बघत. “त्याची नीळ? जांभळाचं पाणी!” असं हा गिऱ्हाइकाला सांगे. “तिचं कापड? दोनदा धुवा, पुन्हा तुमच्यासारखं राखाडी होतंय की नाही बघा,” असं तो सांगे. त्या अख्ख्या मुलखात आपली भाषा कळणारी तीनच घरं होती आणि घराबाहेर ती भाषा कुणी कुणाशी बोलत नसे; तिघंही आपापल्या रांजणाशी तेवढी बोलत. सकाळी झाकण काढायचं, वाकायचं आणि म्हणायचं, “झोप झाली का रे राजा?” रांजण काय बोलणार!

पण एक गोष्ट वेशीवर सगळ्यांना दिसत होती, ती मात्र कुणी बोलून दाखवत नव्हतं. दर वसंतात तिथं नवं निळं कापड चढे आणि दर वसंतात ते आधीच्या वर्षाहून थोडं फिकट असे.

रांजण आजारी पडले होते.

थोरल्यानं दोष थंडीला दिला आणि रांजणाभोवती आपली स्वतःची गोधडी गुंडाळली. मधल्यानं दोष पाण्याला दिला. रंगारणीनं दोष स्वतःच्या हाताला दिला. तिचा स्वभावच तसा होता. गूळ मिळत नव्हता, म्हणून त्यांनी मध घातला, मधाच्या जागी दूध घातलं. निळीच्या वड्या जहाजानं येत, हव्या तेवढ्या मिळत; पण वडीत रंग असतो, जीव नसतो. आधी थोरल्याच्या रांजणाचं फूल गेलं, मग वास गेला. मग मधल्याच्या. रंगारणीचा रांजण तेवढा धुगधुगत होता. जिथं तीन बुड्या पुरायच्या तिथं तिला आता पंधरा लागत. आणि ही गोष्ट तिघंही एकमेकांपासून अशी लपवत होते, की जणू घरात खून झाला आहे.

एका थंडीच्या अखेरीस, भर दुपारी, रंगारणीच्या दारावर थाप पडली. दारात थोरला उभा. हातात घडी केलेलं पांढरं कापड. तो इतका वाळला होता, की त्याच्यापेक्षा त्याची काठीच धडधाकट दिसत होती.

“वाट चुकलात का, काका?” रंगारीण म्हणाली.

“बारा वर्षं चुकलो होतो. आज सापडली.”

“जत्रा जवळ आली आहे. माझ्या रांजणात डोकवायला आला असाल, तर सरळ सांगा. डोकवा. फार काही उरलेलं नाही त्यात.”

म्हाताऱ्यानं कापड पुढे केलं. “हे माझं वस्त्र आहे, पोरी. माझ्यावर घालायचं. वैद्य म्हणाला, वसंत बघाल, उन्हाळा नाही.”

रंगारणीनं हात पुढे केला नाही. “तुमच्या घरी रांजण आहे की.”

“स्वतःचा सगळ्यात शेवटी असतो. आधी शेजाऱ्यांचे.” म्हातारा म्हणाला. “गावात माझ्या बापाच्या वस्त्राला सतरा बुड्या होत्या. इतकं गडद, की त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा वाटलं, आभाळच उचललंय. मला दोन दारं मिळाली तरी पुरे. एका रांजणाचं वस्त्र पांघरून मी तिकडे गेलो, तर बाप विचारेल, शेजार नव्हता का रे तुला?”

रंगारणीनं कापड घेतलं. “माझी बुडी देते,” ती म्हणाली. “पण दुसरं दार समोरचं आहे. तिथं मी काय सांगू?”

म्हाताऱ्यानं काठी टेकून समोरच्या दाराकडे बोट केलं. “सांग, की त्याच्या लेकीचं ते पांढरं लुगडं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. रोज दिसतं.”

तिनं कापड रांजणात बुडवलं. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, निळीच्या रांजणातून कापड निघतं ते निळं नसतं, हिरवट असतं. वारा लागला की ते डोळ्यांदेखत निळं होत जातं. रंगारणीनं ते हिरवं, ठिबकतं कापड दोन्ही हातांवर घेतलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तो रस्ता ओलांडला. मागे दगडांवर थेंबांची रांग पडत गेली.

मधल्यानं दार उघडलं, कापड पाहिलं आणि काय ते त्याला लगेच कळलं. रंगारी होता तो.

“कुणाचं?”

“काकांचं.”

“मग त्यांना सांग, हा बाजार आहे!” मधला असा ओरडला, की रस्त्यावरची राखाडी माणसं थबकली. “माझ्या लेकीचं लुगडं घेऊन मी त्या दारात उभा होतो. एक बुडी मागत होतो, एक! आता त्यांची वेळ आली तर त्यांना गाव आठवलं?”

“दादा, ओरडा. मी उभी आहे,” रंगारीण म्हणाली. “पण कापड सुकायला लागलंय.”

मधला पुन्हा ओरडणार होता. पण तो उंबऱ्यावरच खाली बसला.

“कशात बुडवू, बाई?” तो हळूच म्हणाला. “माझा रांजण मेलाय. चार वर्षं झाली.”

रंगारणीनं विचारलं, “आणि मग लोकांना देता ते निळं?”

“कसलंसं रानफळ आहे इथलं. त्याचा रस.”

“अहो, पावसात उतरत असेल तो!”

“उतरतो ना. म्हणून तर प्रत्येक गिऱ्हाइकाला एक छत्री फुकट देतो.”

रंगारणीला हसू फुटलं. मधलाही हसला. हसता हसता दोघांचे डोळे भरले, कारण एवढ्या वर्षांत आपल्या भाषेतला विनोद घराबाहेर कुणाला सांगायला मिळाला नव्हता, की ऐकायला.

“मेलेला असू दे,” ती म्हणाली. “रीत तर होऊ दे. काकांना कुठे कळणार आहे?”

मधल्यानं कमरेची किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, ते दगडानं फोडावं लागलं. झाकण निघालं. आत काळं, निपचित पाणी. रंगारणीनं आपल्या रांजणाचं पाणी त्यात पिळलं आणि कापड बुडवलं. मग दोघं ते थोरल्याच्या घरी घेऊन गेले. थोरल्याच्या रांजणावर चार गोधड्या होत्या. त्या एकेक करून निघाल्या आणि खाली तसंच काळं, निपचित पाणी दोघांनी पाहिलं. मधल्यानं मुकाट्यानं आपल्या रांजणाचं पाणी त्यात पिळलं.

कापड वाऱ्यावर धरलं. सकाळच्या धुक्यात थेंबभर शाई पडावी, एवढंच निळं होतं ते.

“एवढंच?” थोरला म्हणाला. मग त्यानं मान हलवली. “बरोबर आहे. एवढंच कमावलं मी.”

मधल्यानं कापड खाली घेतलं. त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मी सांगू शकत नाही. लुगड्याची गोष्ट माणूस एका दुपारीत विसरत नाही. पण तो म्हणाला, “उद्या पुन्हा बुडवू. सतरा दारं नाहीत, तर तीन दारांनाच सतरा फेऱ्या.”

रोज दुपारी ते कापड रंगारणीच्या दारातून निघे, मधल्याकडे जाई, तिथून थोरल्याकडे आणि दुसऱ्या दिवशी ओलंच रंगारणीच्या रांजणात पिळलं जाई. रोज थोडं भांडण होई. “असं पिळतात का? पाहुण्याच्या हातावर पाणी घातल्यासारखं?” “तुम्ही शिकवू नका दादा, तुमचं काय ते छत्रीखाली चालतं!” म्हातारा खाटेवर पडल्या पडल्या ऐके आणि त्याला वाटे, आपण नदीकाठी आहोत.

सहाव्या दिवशी सकाळी मधला दार आपटून रस्त्यावर धावत आला. “वास!” तो आपल्या भाषेत ओरडत होता. “वास येतोय! अहो, नासलंय, कुजलंय, घाण येतेय!” आणि तो नाचत होता. राखाडी माणसांनी नाकं दाबली आणि एकमेकांना खूण केली, की बिचाऱ्याचं डोकं फिरलं.

रंगारीण पळत गेली. मधल्याच्या रांजणावर कडेकडेनं तांबूस-निळा फेस धरला होता. मेलेल्या रांजणाला फूल आलं होतं. आठव्या दिवशी थोरल्याच्या रांजणाला आलं. आणि दहाव्या दिवशी रंगारणीच्या रांजणावर असं फूल डवरलं, की तसं तिनं गाव सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. देऊन देऊन तिचा रांजण संपायला हवा होता. तो उलट भरला होता.

तिघं रांजणाभोवती उभे राहिले. थोरल्याला दोघांनी धरलं होतं. त्यानं वाकून तो फेस बोटानं उचलला.

“मी इतका मूर्ख कसा?” तो म्हणाला. “एकटा रांजण आपलंच पाणी पिऊन म्हातारा होतो. त्याला दुसऱ्याचं पाणी लागतं. ते पिळणं म्हणजे शेजारधर्म आहे, असं आपण समजत होतो. ती विद्या होती रे. अर्धी विद्या तीच होती. मडकं मांडीवर घेऊन आपण समुद्र ओलांडला आणि रीत मात्र काठावरच ठेवून आलो.”

मग त्यानं मधल्याकडे तोंड वळवलं. “तुझ्या लेकीला एक बुडी दिली असती, तर माझा रांजण जगला असता. तुझाही. त्या दारात मी फक्त तुलाच उभं ठेवलं नाही. आपल्या नदीलाही उभं ठेवलं.”

मधल्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावरून घसरलेली गोधडी सारखी केली.

सतरावी फेरी वसंतातल्या एका लख्ख दुपारी झाली. कापड थोरल्याच्या रांजणातून हिरवं निघालं आणि अंगणातल्या वाऱ्यावर निळं होत गेलं, होत गेलं, थांबेचना. म्हाताऱ्यानं ते दोन्ही हातांनी चाचपलं, तोंडाजवळ नेलं, त्याचा वास घेतला.

“गडद आहे,” तो म्हणाला. “बाप ओळखेल.”

तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याला घेऊन दोघं वेशीतून निघाले, तेव्हा जत्रा भरली होती. खांदे कमी पडले, म्हणून दोन राखाडी माणसं न सांगता पुढे झाली. त्यांतला एक, थोरल्याचं पहिलं निळं कापड बघून रडलेल्या त्या म्हातारीचा मुलगा होता. कारभारी मचाणावर बसून त्या वर्षीची कापडं बघत होता. वस्त्र त्याच्या समोरून गेलं आणि तो उठून उभा राहिला.

“थांबा! असं निळं या राज्यात कधी आलं नाही. कुणाच्या रांजणाचं हे?”

मधल्यानं रंगारणीकडे पाहिलं, रंगारणीनं मधल्याकडे. दोघांनाही खरंच सांगता येईना.

“ते आता वेगळं काढता येत नाही, सरकार,” मधला म्हणाला.

“काढता येत नाही म्हणजे? ते वेशीवर चढवा आणि तुमच्यापैकी एक पुढे या. आज राजरंगारी ठरेल, जन्मभरासाठी.”

“हे वस्त्र काकांबरोबर जाणार,” रंगारीण म्हणाली. “आणि पुढे यायला आमच्यात एकटं कुणी उरलेलं नाही.”

ते चालू लागले. त्या राज्यातलं सगळ्यात सुंदर निळं त्या दिवशी मातीत गेलं. वेशीवरची काठी त्या वर्षी रिकामी राहिली आणि राजरंगारीपण पुढे कुणालाच मिळालं नाही. कारभाऱ्यानं पुष्कळदा विचारलं. प्रत्येकदा त्याला तेच उत्तर मिळालं.

थोरल्याचा रांजण त्यांनी बुजवला नाही. रोज आळीपाळीनं त्याला भरवलं. काही वर्षांनी समुद्रापलीकडून आणखी एक रंगारी आला. मांडीवर मडकं, चेहऱ्यावर संशय. मधल्यानं त्याला थोरल्याच्या घरात नेलं, रांजणावरची गोधडी काढली आणि म्हणाला, “हा तुझा. आधी तुझ्या मडक्यातलं पाणी माझ्या रांजणात घाल, मग माझं तुझ्यात. गप्पा नंतर.” त्या वर्षी मधल्याच्या मुलीनं आपल्या मुलीच्या लग्नाचं पांढरं लुगडं पाठवलं. त्याला चार दारांच्या बुड्या मिळाल्या.

आणि तो रस्ता? तो मुलूख अजून राखाडीच आहे. पण त्या एका रस्त्यावर, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, दगडांवर निळ्या थेंबांच्या रांगा आहेत. शंभर पावसाळ्यांत त्या धुतल्या गेलेल्या नाहीत. बाकीच्या गोष्टीत मी थोडंफार वाढवलं असेल. एवढं मात्र खरं आहे.

बोध: परमुलखात कला एकट्याला नेता येते, पण जगवायची तर तिला शेजाऱ्याचं दार उघडं लागतं.